उभं राहणाऱ्यांचा वैद्य

कापडाच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवणाऱ्या ताई, चौकातला वाहतूक पोलीस, वॉर्डमधली परिचारिका, खुर्चीभोवती फिरत केस कापणारा कारागीर, कारखान्यात यंत्रापुढचा कामगार, फळ्यापुढचे शिक्षक, हॉटेलातला आचारी. या सगळ्यांचे कामाचे आठ-दहा तास पायांवर जातात. संध्याकाळी घोटे सुजतात, टाचा ठणकतात, रात्री पोटरीत गोळे येतात. मग कुणीतरी सुचवतं, की बुटात चांगला इनसोल घाल, बरं वाटेल. दुकानात गेलं, तर जेलचा, फोमचा, कमानीचा, टाचेपुरता असे दहा प्रकार समोर मांडले जातात. किंमत शे-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. यातला कोणता घ्यायचा?

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ जुनं आहे. नुसतं उभं राहणं हे आजाराचं कारण असू शकतं, हे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इटालियन वैद्यानं लिहून ठेवलं. बर्नार्दिनो रामाझिनी हे त्यांचं नाव. आज जगभर ज्याला व्यवसायजन्य आरोग्याचं शास्त्र म्हणतात, त्याचे ते जनक मानले जातात. उभ्या माणसाचे पाय का थकतात, याचं त्यांनी केलेलं विवेचन समजून घेतलं, तर इनसोलच्या दुकानातला गोंधळ बराच कमी होतो. म्हणून आज त्यांच्या आयुष्याची ओळख.

दलदलीच्या गावातला तरुण डॉक्टर

रामाझिनींचा जन्म १६३३ सालचा, उत्तर इटलीतल्या मोदेना शहराजवळच्या कार्पी या छोट्या गावातला. गॅलिलिओवर रोममध्ये खटला चालला तेच हे वर्ष. कार्पीतल्या जेझुइट पाद्रींच्या शाळेत त्यांचं शिक्षण झालं. पुढे पार्मा इथे त्यांनी आधी तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक शिकून १६५९ मध्ये पदवी घेतली. काही काळ रोममध्ये अनुभव घेतल्यावर ते रोमच्या उत्तरेकडच्या कानिनो आणि मार्ता या गावांमध्ये वैद्य म्हणून गेले.

हा मुलूख हिवतापाचा होता. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन भाषेतला, अर्थ ‘वाईट हवा’. डास आणि हिवताप यांचा संबंध कळायला अजून दोनशेहून अधिक वर्षं होती. रोग्यांवर उपचार करता करता तरुण वैद्यालाच तापानं गाठलं आणि प्रकृती इतकी ढासळली, की त्यांना घरी कार्पीला परतावं लागलं. माणूस राहतो कुठे आणि करतो काय, यावर त्याचं दुखणं ठरतं, हा धडा त्यांना स्वतःच्या शरीरानं दिला, असं म्हणायला हरकत नाही.

कार्पीत काही वर्षं व्यवसाय केल्यावर १६७१ मध्ये ते मोदेना शहरात आले. तिथल्या ड्यूकच्या आश्रयानं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा १६८२ मध्ये रामाझिनींना वैद्यकाचे प्राध्यापक नेमण्यात आलं. त्यांची जिज्ञासा पुस्तकांपुरती नव्हती. मोदेनाच्या विहिरींना पाणी इतक्या जोरानं कसं उसळतं, यावर त्यांनी १६९१ मध्ये ग्रंथ लिहिला. हवेचा दाब मोजणाऱ्या नळीच्या नोंदी ठेवल्या. गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १६९०च्या सुमारास मोदेनाच्या परिसरात अतिवृष्टी झाली, पिकं नासली आणि तापाच्या साथी आल्या, तेव्हा त्यांनी वर्षवार नोंदी करून त्या साथींचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाऊस, धान्य, शेतकरी आणि शहरवासी यांच्या दुखण्यांचा धागा जोडून पाहण्याची त्यांची सवय या नोंदींतून दिसते.

मैला उपसणाऱ्याची घाई

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग त्यांच्या घरीच घडला. त्या काळी मोदेनात घराघरांतले शौचकूप ठरावीक काळानं उपसून घेतले जात. एकदा रामाझिनींच्या घरी हे काम चालू असताना खड्ड्यातला माणूस फार घाईघाईनं हात चालवतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना त्याची दया आली. इतकी घाई का, जरा सावकाश काम केलं तर दमायला होणार नाही, असं त्यांनी त्याला विचारलं. तेव्हा त्या माणसानं वर पाहून सांगितलं, की या जागी चार तासांहून जास्त थांबणं म्हणजे काय असतं, हे इथे उतरल्याशिवाय कळणार नाही. इथे डोळे जातात.

तो वर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लालभडक आणि धूसर झाले होते. यावर तुम्ही उपाय काय करता, असं त्यांनी विचारलं. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोमट पाण्यानं डोळे धूत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचं, एवढाच त्याचा इलाज होता. पुढे रामाझिनींनी शहरात चौकशी केली, तेव्हा हेच काम केलेले कितीतरी जण अर्धे-पूर्ण आंधळे होऊन भीक मागत फिरताना त्यांना आढळले.

या गोष्टीकडे आपण परक्या देशातली जुनी हकीकत म्हणून पाहू शकत नाही. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे २०१३ साली आला, तरी सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या आजही येतात. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू डोळ्यांची आग करतो आणि जास्त प्रमाणात असला, तर श्वासच थांबवतो. वायूचं नाव रामाझिनींना माहीत नव्हतं. पण खिशातल्या तांब्या-चांदीच्या नाण्यांवर त्या जागी काळा थर चढतो, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं.

तिथून त्यांनी ठरवलं, की एकेका धंद्यातल्या माणसांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहायचं. प्रतिष्ठित प्राध्यापकानं कुंभाराच्या भट्टीपाशी, चुन्याच्या खाणीत, रंगाऱ्याच्या आणि तांबटाच्या दुकानात जाऊन उभं राहणं हे त्या काळच्या रिवाजाला धरून नव्हतं. रामाझिनी गेले. कुंभारांचे हात थरथरतात आणि दात पडतात ते चकाकीसाठी वापरलेल्या शिशामुळे, हे त्यांनी लिहिलं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आरशांना पारा लावणारे कारागीर लुळे पडतात आणि ती अवस्था त्यांना स्वतःच्याच आरशांत पाहावी लागते, हे लिहिलं. दिवसभर बसून लिहिणाऱ्या कारकुनांचा उजवा हात बधिर होतो, याची कारणं म्हणून सततचं बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर येणारा ताण अशा तीन गोष्टी त्यांनी नोंदवल्या. संगणकापुढे बसणाऱ्यांना या तिन्हींची ओळख वेगळी करून द्यायला नको.

उभ्यानं काम करणाऱ्यांचं प्रकरण

या निरीक्षणांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोदेनात छापला गेला. विषय होता कामगारांचे रोग. चाळीसहून अधिक प्रकारच्या कामांना त्यात स्वतंत्र प्रकरणं दिलेली आहेत. त्यातलं एक प्रकरण कुठल्याही एका धंद्याचं नाही. ते आहे, जे कोणी उभ्यानं काम करतात त्या सर्वांचं. सुतार, करवतकरी, लोहार, गवंडी, कोरीव काम करणारे. इतकंच नव्हे, तर राजेरजवाड्यांच्या दरबारात ताटकळत उभी राहणारी माणसंही.

या लोकांच्या पायांवरच्या नीला फुगून वेड्यावाकड्या होतात, असं रामाझिनींनी नोंदवलं. आज आपण त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. पायांवर जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत, सांधे कमजोर होतात, हेही त्यांनी लिहिलं. मूत्रपिंडाच्या आणि पोटाच्या काही तक्रारीही त्यांनी उभं राहण्याच्या खात्यावर टाकल्या. त्या सगळ्या आजच्या शास्त्राला मान्य नाहीत. पण नीला आणि जखमांबद्दल ते बरोबर होते.

त्याहून महत्त्वाचा होता त्यांचा पुढचा प्रश्न. चालण्यापेक्षा उभं राहण्यात श्रम कमी दिसतात, मग तासभर चालून येणाऱ्यापेक्षा तासभर एका जागी उभा राहिलेला माणूस जास्त का थकतो? त्यांचं उत्तर असं, की उभं राहणं ही विश्रांती नाही, ती न दिसणारी क्रिया आहे. शरीर ताठ ठेवायला काही स्नायूंना सतत ताणलेलं राहावं लागतं. चालताना एक पाय काम करतो तेव्हा दुसऱ्याचे स्नायू सैल पडतात. आळीपाळीनं विसावा मिळतो. उभ्या माणसाच्या त्याच त्या स्नायूंना तो मिळत नाही. स्नायू आणि हाडं यांचा तरफांसारखा विचार करणारा जोव्हान्नी बोरेल्ली यांचा ग्रंथ वीसेक वर्षांपूर्वीच आला होता. त्या नव्या विचाराचा उपयोग रामाझिनींनी सुतार-लोहारांसाठी केला.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपायही साधा होता. काम सोडता येत नसेल, तर उभं राहणं तरी मधूनमधून तोडावं. थोडं बसावं, थोडं चालावं, अंग हलवावं.

रक्ताची बाजू आज आपल्याला जास्त नीट कळते. हृदयाकडून पायाकडे रक्त सहज उतरतं, पण परत वर चढायला त्याला मदत लागते. ती मदत पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली, की नीलांमधलं रक्त वर ढकललं जातं आणि नीलांमधल्या छोट्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलांमध्ये दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालायला लागलं, की तो बराच उतरतो. वर्षानुवर्षं हा दाब सोसून झडपा निकामी झाल्या, की नीला फुगतात, पाय सुजतात, कातडी काळवंडते आणि घोट्याजवळ जखम होऊ शकते. या झडपांचं सविस्तर वर्णन १६०३ मध्ये पादुआ विद्यापीठातल्या फाब्रिसियस यांनी प्रसिद्ध केलं होतं. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने पुढे १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचं कोडं सोडवलं. ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, १७०० मध्ये, रामाझिनींना प्राध्यापक म्हणून बोलावणं आलं ते याच पादुआचं.

तिपाईवर बसणारा वैद्य

वैद्यानं रोग्याला काय विचारावं, याची यादी हिप्पोक्रेटिसच्या काळापासून चालत आली होती. काय होतंय, कशानं झालं, किती दिवस झाले, पोट साफ आहे का, जेवण काय. रामाझिनींनी त्या यादीत एक प्रश्न घातला: तुम्ही काम काय करता? एवढी साधी भर. पण तोवर तो विचारण्याची पद्धत नव्हती. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्यानं नाडी पाहून घाईनं निघून जाऊ नये, असाही त्यांचा आग्रह होता. सोनेरी खुर्ची नसली, तर तिपाईवर बसावं आणि त्याची हकीकत शांतपणे ऐकून घ्यावी.

ज्ञान असलं म्हणजे न्याय मिळतोच असं नाही, हेही त्यांनी जवळून पाहिलं. मोदेनाच्या राज्यातल्या फिनाले या गावी पाऱ्याचा एक क्षार बनवणारा कारखाना होता. त्यातल्या धुरानं छातीचे विकार होतात, म्हणून एका रहिवाशानं मालकावर दावा लावला. गावच्या डॉक्टरचा दाखला आणि चर्चच्या मृत्युनोंदी पुरावा म्हणून पुढे आल्या. त्या भागात छातीच्या रोगानं जास्त लोक दगावले होते, असं त्या नोंदी दाखवत होत्या. तरी निकाल कारखान्याच्या बाजूनं लागला. रामाझिनींनी ही हकीकत ग्रंथात नोंदवून ठेवली. मृत्यूची नोंदवही आणि धुराडं यांचा संबंध लावणारा हा वाद आजच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला ओळखीचा वाटेल.

पादुआत पोहोचले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. हळूहळू त्यांची दृष्टी गेली. डोळे जाणाऱ्या कामगारापासून ज्याचं काम सुरू झालं, त्याला शेवटी वाचायला आणि लिहायला दुसऱ्याचे डोळे लागू लागले. तरीही शिकवणं थांबलं नाही. १७११ मध्ये त्या भागात गुरांची मोठी साथ आली, तेव्हा त्यांनी तिच्यावर व्याख्यान देऊन ते प्रसिद्ध केलं. १७१३ मध्ये कामगारांच्या रोगांवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात त्यांनी आणखी बारा प्रकरणांची भर घातली. ५ नोव्हेंबर १७१४ या दिवशी, वर्गावर जायच्या तयारीत असताना त्यांना झटका आला आणि त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या पुतण्यानं त्यांचं चरित्र लिहिलं आणि समग्र लेखन एकत्र छापलं.

ग्रंथ मात्र चालत राहिला. १७०५ मध्येच त्याचं इंग्रजी भाषांतर झालं होतं. ॲडम स्मिथ यांनी १७७६च्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात रामाझिनींचा उल्लेख केला, कार्ल मार्क्स यांनीही ‘भांडवल’मध्ये केला. बाजाराचा पुरस्कर्ता आणि बाजाराचा टीकाकार, दोघांनाही हा वैद्य उपयोगी पडला. १९८२ मध्ये त्यांच्या नावानं कार्पी इथे व्यवसायजन्य आणि पर्यावरणीय आरोग्याच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यात उभ्यानं काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, असं कलम घातलं गेलं. पण दुकानं त्या कायद्यात येत नव्हती. केरळमधल्या कापड दुकानांतल्या महिला कामगारांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथला दुकानविषयक कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसाच बदल केला. रामाझिनींच्या ग्रंथानंतर तीन शतकांनी मिळालेला हा स्टूल आहे.

आता इनसोलकडे

रामाझिनींचा प्रश्न इथेही आधी विचारायचा: तुम्ही काम काय करता? एकाच जागी उभे असता, की फिरता? फरशी कडक आहे, ओली आहे? आणि दुखतं नेमकं कुठे?

घोटे सुजत असतील, पाय जड होत असतील, नीला फुगलेल्या दिसत असतील, तर त्रास रक्ताच्या परतीच्या प्रवासाचा आहे. तिथे इनसोल फारसं काही करणार नाही. पोटऱ्यांची हालचाल, मधूनमधून बसणं, घरी आल्यावर पाय उंचावर ठेवून पडणं हे उपाय. घट्ट बसणारे खास मोजे उपयोगी ठरतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि मापानं घ्यावेत. पायाच्या धमन्यांत अडथळा असलेल्यांना ते अपायकारक होऊ शकतात.

टाच, चवडा किंवा तळव्याची कमान दुखत असेल, तर इनसोलचा विचार करावा. पायाच्या तळव्याखाली टाचेपासून बोटांकडे जाणारा एक जाड पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येणं ही या पट्ट्याच्या दुखण्याची नेहमीची खूण. इनसोल वजन टाचेवर आणि चवड्यावर एकवटू न देता तळव्यावर पसरवतो, म्हणून बरं वाटतं. आपल्या जुन्या पादत्राण कारागिरांकडे याला ‘सुखतळा’ असा छान शब्द आहे. सुख देणारा तळ, इतकंच त्याचं काम. तो औषध नव्हे.

निवडताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात:

• आधी बूट पाहा. झिजून एका बाजूला कललेल्या बुटात महागडा इनसोलही वाया जातो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाचेचा मागचा भाग दाबल्यावर सहज चेपला जाऊ नये. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं.

• बुटातला जुना सुखतळा काढून त्या जागी नवा घाला. एकावर एक घातले, तर टाच वर येते आणि बूट आवळतो. दुकानात जाताना कामावरचे बूट आणि नेहमीचे मोजे सोबत न्या.

• फार मऊ म्हणजे चांगला असं नाही. हातात घेतल्यावर मखमलीसारखा वाटणारा फोम दोन तासांच्या वजनाखाली पूर्ण दबतो आणि मग तो असून नसल्यासारखा होतो. अंगठ्यानं जोरात दाबून पाहा. तो थोडा दबून परत वर आला पाहिजे. एका जागी कडक फरशीवर उभं राहणाऱ्यांना वरून मऊ आणि खालून जरा घट्ट असा प्रकार सहसा सोयीचा पडतो.

• कमानीचा उंचवटा तुमच्या पायाच्या कमानीखालीच यायला हवा. तो पुढे-मागे असेल किंवा गोटा टोचावा तसा टोचत असेल, तर तो इनसोल तुमचा नाही. दहा मिनिटं दुकानातच उभं राहून पाहा.

• टाच दुखत असेल, तर टाचेला वाटीसारखी खोलगट जागा असलेला निवडा.

• मापानं बनवलेला म्हणजे जास्त गुणकारी असं धरून चालू नका. टाचेच्या नेहमीच्या दुखण्यात तयार इनसोल आणि खास बनवून घेतलेले इनसोल यांच्या परिणामात अभ्यासांमध्ये मोठा फरक दिसलेला नाही. पायाच्या ठेवणीत खरोखर व्यंग असेल, तर मात्र तज्ज्ञांकडून बनवून घ्यावेत.

• पहिल्या दिवशी तास-दोन तासच वापरा, मग हळूहळू वेळ वाढवा. रात्री काढून वाळत ठेवा. पावसाळ्यात दोन जोड असले तर बरं. दबून सपाट झाला किंवा चिरा पडल्या, की बदला.

• कामावर चप्पल घालणाऱ्यांनी वेगळा इनसोल घालून उपयोग नाही, तो सरकतो. तळव्याच्या आकाराचा तळ आणि मागे पट्टा असलेली सँडल पाहावी.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं. तळव्याची संवेदना कमी झालेली असेल, तर टोचणारा इनसोल टोचल्याचंच कळत नाही आणि जखम होते. अशांनी परस्पर खरेदी न करता डॉक्टरांना पाय दाखवावेत. त्यांच्यासाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा तळ असलेली पादत्राणं आपल्याकडे मिळतात. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना, हे रोज पाहावं आणि रात्री तळवे न्याहाळावेत.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, घोट्याजवळची जखम भरत नसेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, टाचेचं दुखणं काही आठवड्यांत कमी होत नसेल, तर इनसोल बदलत बसू नका. डॉक्टरांकडे जा. एकाच पायाची अचानक सूज रक्ताच्या गुठळीमुळेही असू शकते, तिथे उशीर नको.

आणि इनसोल कितीही चांगला असला, तरी रामाझिनींचा मूळ उपाय त्याच्या आधी येतो. उभ्या जागी टाचा उचलून चवड्यावर येणं आणि पुन्हा खाली येणं असं दहा-पंधरा वेळा करता येतं. त्यानं पोटरीचा पंप चालू राहतो. पायाशी वीतभर उंचीचा पाट किंवा पेटी ठेवून एकेक पाय आळीपाळीनं त्यावर टेकवता येतो. गिऱ्हाईक नसताना पाच मिनिटं बसता येतं, अर्थात बसायला काही असेल आणि बसू दिलं जात असेल तर. ही शेवटची अट कामगाराच्या हातात नसते. दुकानाचे, शाळेचे, सोसायटीचे आणि रुग्णालयाचे कारभारी हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या उभ्या माणसांसाठी स्टूल आहेत का, हे आज मोजून पाहावं.

पुढच्या वेळी पाय दाखवायला डॉक्टरांकडे जाल, तेव्हा दिवसाचे किती तास, कुठे आणि कसे उभे असता, हे त्यांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगा. त्या उत्तराशिवाय पायाचं निदान अर्धवट राहतं.